एन की एन वजा एक? नव्या प्राध्यापकांसाठी

पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवताना व्हेरियन्सच्या (आकडे मध्यापासून किती पसरलेत याच्या मापाच्या) तासाला एक प्रश्न हमखास येतो: नमुन्यात एन आकडे असतील तर भागायचं एनने की एन वजा एकने? ‘सूत्रच तसं आहे’ म्हणून पुढे जाऊ नका, मुलं तिथेच पाठांतराकडे वळतात. सिद्धता नंतर द्या, आधी चिठ्ठ्या काढा.

तीन चिठ्ठ्यांवर 2, 4, 6 लिहा. मध्य 4, समष्टीचा (म्हणजे सगळ्या चिठ्ठ्यांचा मिळून) व्हेरियन्स 8/3. आता दोन-दोनचे नमुने, पहिली चिठ्ठी परत टाकून. एकूण 9 नमुने होतात, ते सगळे फळ्यावर मांडा. प्रत्येक नमुन्यात मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज 2 ने (एनने) भागली तर नऊ उत्तरांची सरासरी 4/3 येते, म्हणजे निम्मीच. 1 ने (एन वजा एकने) भागली की बरोबर 8/3. कारण नमुन्याचा मध्य त्याच दोन आकड्यांतून काढलेला असतो, त्यामुळे अंतरं मुळातच कमी भरतात.

चिठ्ठी परत टाकायला मात्र विसरू नका. न टाकता काढलेल्या 6 नमुन्यांत 1 ने भागूनही उत्तरांची सरासरी 8/3 ऐवजी 4 येते आणि सगळा तास फसतो.

वर्गमूळ घेतल्यावर सरासरी बरोबर येण्याचा हा गुण टिकत नाही, हेही तेव्हाच सांगा. इथे समष्टीचं प्रमाण विचलन (व्हेरियन्सचं वर्गमूळ) 1.63 आहे, नऊ नमुन्यांच्या प्रमाण विचलनांची सरासरी 1.26.

प्रात्यक्षिकात 3, 5, 7, 9, 11 द्या. प्रमाण विचलन म्हणून आर (R) ही संगणकभाषा 3.16 दाखवेल, पायथनमधलं नमपाय (NumPy) 2.83, कारण नमपाय आपणहून एननेच भागतं. पेपर तपासताना दोन उत्तरं दिसली की गोंधळ बहुतेक इथलाच, म्हणून प्रश्नातच ‘नमुना’ की ‘समष्टी’ ते स्पष्ट लिहा.