वाचकांचे प्रश्न : जिल्ह्याला अधीक्षक, शहराला आयुक्त असे का?

प्रश्न : आमचे जुन्नरचे पोलीस ठाणे पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येते, तर माझा मुलगा राहतो त्या कोथरूडला पोलीस आयुक्त आहेत. जिल्हा एक, कायदा एक, गणवेशही एकच. मग प्रमुख दोन कशासाठी?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : आयुक्तांचे पद सामान्यतः वरच्या दर्जाचे असले, तरी पुणे ग्रामीणचे अधीक्षक पुण्याच्या आयुक्तांच्या हाताखाली नसतात. ते कोल्हापूर परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांना उत्तरदायी असतात. खरा फरक दर्जाचा नसून अधिकारांचा आहे आणि त्याचे मूळ कंपनी सरकारच्या काळात सापडते.

१८५६ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन इलाखा शहरांच्या पोलिसांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बंदराचे, व्यापाराचे आणि नाना जातिधर्मांच्या वस्तीचे शहर कलेक्टरच्या जिल्हा कारभाराच्या चौकटीत बसणारे नव्हते. १८६४ मध्ये फ्रँक साउटर मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिले. मुंबईबाहेरच्या मुलखात मात्र महसूल गोळा करणारा कलेक्टर हाच दंडाधिकारी होता आणि पोलिसांवरचा अंतिम वचकही त्याचाच असावा, असे सरकारचे धोरण होते. त्यामुळे जिल्ह्यांसाठी १८६७ चा आणि पुढे १८९० चा जिल्हा पोलीस कायदा, तर मुंबई शहरासाठी १९०२ चा वेगळा कायदा, अशा दोन वाटा पडल्या.

स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने (आताचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम) या दोन्ही वाटा एका कायद्यात आणल्या, पण त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. विदर्भात तोवर १८६१ चा केंद्रीय कायदा होता आणि मराठवाड्याला हैदराबाद संस्थानाच्या व्यवस्थेचा वारसा होता. १९५१ चा कायदा या भागांना नंतर लागू झाला. पुणे आणि नागपूर येथे १९६५ मध्ये आयुक्तालये आली. पुढे शहरे वाढत गेली तशी त्यांची संख्याही वाढली. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय तर २०१८ चे आहे.

या कायद्याचे कलम १७ पाहावे. जिल्ह्याचे पोलीस दल जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली राहील, असे ते सांगते. आयुक्तांवर हे नियंत्रण नाही, उलट दंडाधिकाऱ्यांचे बरेच अधिकार त्यांच्याच कार्यालयात असतात. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर वृत्तपत्रांत येणारे ‘कलम ३७ (१) व (३) अन्वये मनाई आदेश’ वाचून पाहावेत. जुन्नरला लागू होणारा आदेश जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने निघतो, कोथरूडला लागू होणारा पोलीस आयुक्तालयातून. तडीपारीचेही तसेच आहे. तालुक्यात पोलिसांनी पाठवलेल्या प्रस्तावावर सुनावणी घेऊन प्रांताधिकारी निर्णय देतात, तर शहरात तो निर्णय सामान्यतः पोलीस उपायुक्तच देतात. ज्याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात, त्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्राची कार्यवाही तालुक्यात बहुधा तहसीलदारांपुढे चालते. शहरात ती सहायक पोलीस आयुक्तांपुढे चालते.

आयुक्तालयाच्या बाजूने वेगाचे कारण दिले जाते आणि दंगलीच्या रात्री ते पटतेही. परंतु ज्या खात्याने एखाद्याला हद्दपार करण्याचा प्रस्ताव मांडायचा, त्याच खात्याने तो मंजूरही करायचा, यात एक चाळणी कमी होते, हा आक्षेप आम्हाला वजनदार वाटतो. तडीपारीच्या आदेशाविरुद्ध शासनाकडे अपील करता येते खरे, पण तोवर माणूस घराबाहेर पडलेला असतो. नव्या आयुक्तालयाची चर्चा निघाली की महसूल आणि पोलीस या दोन खात्यांत रस्सीखेच होते, तिचे कारणही हेच आहे. अर्थात त्या रस्सीखेचीत नागरिकाच्या चाळणीची काळजी किती आणि खुर्चीची किती, हे वाचकांनीच ठरवावे.

प्रश्न : मग गावचा पोलीस पाटील या दोघांपैकी कोणाचा?
— एक वाचक, खेड

उत्तर : नावात पोलीस असले तरी तो पोलीस खात्याचा कर्मचारी नाही. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक महसूल प्रशासन, व्यवहारात प्रांताधिकारी, करते आणि त्याला पगार नव्हे तर मानधन मिळते. गावातल्या गुन्ह्याची, बेवारस मृतदेहाची किंवा तंट्याची खबर मात्र त्याने पोलीस ठाण्यालाही द्यायची असते.