फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटला एका डोळ्याने रेषा वाकड्या दिसतात, हे कॅन्सरमुळे असेल का?

तुमच्या वडिलांना एडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) आहे, आठ दिवसांपासून उजव्या डोळ्याने कॅलेंडरच्या रेषा वाकड्या दिसतात आणि चष्म्याच्या दुकानात "मोतीबिंदू असेल, नंबरही वाढलाय" असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय.

हो, कॅन्सरमुळे असू शकतं. क्वचित होतं, पण मोतीबिंदू म्हणून सोडून देऊ नका. मोतीबिंदूने धूसर दिसतं, दिव्याभोवती वलयं दिसतात. सरळ रेघ वाकडी दिसते ती डोळ्यातल्या पडद्याचा (रेटिनाचा) मधला भाग उचलला गेला की. या पडद्यामागे कोरॉइड नावाचा रक्तवाहिन्यांचा दाट थर असतो. रक्तातून आलेल्या कॅन्सरच्या पेशी तिथे अडकतात, गाठ धरते, पाणी झिरपतं आणि पडदा पुढे ढकलला जातो. त्यामुळे लांबचा प्लस नंबर अचानक वाढतो. म्हणून नवा चष्मा करण्याची घाई करू नका, ऑपरेशनची तर नकोच.

आज घरी एवढं करा. वाचायचा चष्मा लावून ग्राफपेपर ३० ते ३५ सेंटीमीटरवर धरायला सांगा, मधोमध पेनाने ठिपका काढा. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडेच बघायचं. चौकोन कुठे वाकतात, कुठे गायब होतात, ते त्यांनाच पेन्सिलीने काढू द्या आणि कागदावर तारीख घाला. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलं तर चांगला डोळा दोष झाकून टाकतो, इथेच बहुतेकांची फसगत होते.

दोष एकाच डोळ्यात असेल तर कारण बहुधा डोळ्यात किंवा त्याच्या नसेत. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं दिसत नसेल (ताटातलं डावीकडचं तसंच राहतं, डावीकडे दाराला खांदा आपटतो), तर मेंदूतल्या गाठीचा संशय घ्यायचा. सकाळी डोकेदुखी, उलट्या, वाकलं की क्षणभर अंधारी, असं काही असेल किंवा दृष्टी अचानक गेली तर त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.

नसेल तर दोन-तीन दिवसांत रेटिना तज्ज्ञ गाठा. "बाहुली मोठी करून पडदा बघा, फुफ्फुसाचा कॅन्सर आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. पडद्याचा फोटो, ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) आणि डोळ्याची सोनोग्राफी, एवढ्यावर बहुतेक वेळा उलगडा होतो. मेंदूचा एमआरआयही कॉन्ट्रास्टसह (शिरेतून औषध देऊन) लागेल, त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून ठेवा. मात्र एमआरआय नॉर्मल आला म्हणून डोळ्याची तपासणी टाळू नका. कोरॉइडमधली लहान गाठ त्यात सुटू शकते.

एक गोष्ट मुद्दाम विचारतो: कॅन्सर कळण्याआधी टीबीची औषधं चालू होती का? आपल्याकडे एक्स-रेवरचा डाग बघून आधी टीबीचा कोर्स सुरू होणं नवीन नाही. त्यातलं एथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं. साधारण दोन महिन्यांनंतर दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसू लागतं, लाल-हिरवा फिका पडतो, दुखत मात्र नाही. गोळ्या अजून चालू असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. तीन-चार औषधं एकाच गोळीत असतात, त्यामुळे कुठलं थांबवायचं ते त्यांनीच ठरवायचं.

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या स्मॉल सेल या दुसऱ्या प्रकारात डोळ्याचा आणखी एक दुर्मीळ त्रास दिसतो. कॅन्सरविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं पडद्यावरच हल्ला करतात. उजेड सहन होत नाही, रात्री दिसत नाही, डोळ्यांपुढे लखलख होते आणि सुरुवातीला पडदा तपासून नॉर्मल वाटतो. तुमच्या वर्णनाशी हे जुळत नाही.

गाठ निघालीच तर लगेच सगळं संपलं असं धरून चालू नका. बायोप्सीच्या ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्यांचे रिपोर्ट शोधून ठेवा. ईजीएफआरमध्ये योग्य तो बदल असेल तर ओसिमर्टिनिब (रोज ८० मिलिग्रॅम) सारख्या गोळीने डोळ्यातली गाठही आक्रसू शकते. अशी गोळी लागू नसेल तर डोळ्याला रेडिएशन देतात, बरेचदा १० बैठकांत ३० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक). पडद्यामागचं पाणी ओसरायला काही आठवडे लागतात. पडदा जितका जास्त काळ उचललेला राहील तितकी दृष्टी कमी परत येते, म्हणून हा आठवडा वाया घालवू नका.

जाताना ग्राफपेपर, बायोप्सी, पेट स्कॅन आणि चालू औषधांची यादी बरोबर घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार ते सहा तास अंधुक दिसतं, तेव्हा त्यांना एकटं पाठवू नका.