आईचा गुडघा बदलायचाय. दवाखान्यात रजिस्ट्रीचा, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्यांच्या नोंदवहीचा, फॉर्म देतात, तो भरून काय होतं?

भरा. आईला लगेच फायदा नाही, हे खरं. पण कोणता सांधा किती वर्षं टिकतो हे एकट्या डॉक्टरला कळत नाही. हजारो नोंदी एकत्र आल्या की दिसतं. स्वीडनमध्ये गुडघ्यांची नोंद १९७५ पासून होते. एएसआर हा खुब्याचा सांधा लवकर निकामी होतोय, हे ऑस्ट्रेलियाच्या रजिस्ट्रीत आधी दिसलं. २०१० मध्ये तो जगभरातून परत मागवला गेला.

आपल्याकडे घोळ पुढे होतो. ऑपरेशन नागपूरला, दुखलं की दारव्ह्याचा डॉक्टर, अन् फाइल सातबाऱ्याच्या कागदांत हरवलेली! म्हणून सांध्याच्या खोक्यावरच्या स्टिकरची झेरॉक्स मागून घ्या. कंपनी, साइज, लॉट नंबर त्यावरच असतो. आणि फॉर्मवर मोबाइल नंबर पुण्यातल्या भाच्याचा नको, घरचाच द्या.