तीनचाकी मॉर्गनच्या पट्ट्याचा आवाज आणि स्प्रॉकेटची झीज कशी कमी करावी?

तुम्ही लिहिलंय की २०१४ ची मॉर्गन थ्री व्हीलर आहे (पुढे दोन चाकं, मागे एक, आणि ते मागचं दातेरी पट्ट्याने फिरतं), ताशी चाळीस मैलांच्या पुढे पट्टा शिट्टी मारतो, मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे पट्टा ज्यावर चालतो त्या दातेरी चक्राचे, दात एकाच बाजूने जास्त झिजलेत. आणि विचारलंय की पट्टा आणखी ताणू की सिलिकॉनचा स्प्रे मारू. दोन्ही करू नका. दात एका बाजूने झिजलेत, म्हणजे पट्टा तिरका चालतोय आणि स्प्रॉकेटच्या कडेला घासतोय. स्प्रे मारलात तर चार दिवस आवाज जाईल, मग त्या ओलाव्याला धूळ चिकटून दातांना पॉलिशपेपर लागल्यासारखं होईल. ताणलात तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय, म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये वुस्टरला राहतो. मॉर्गनचा मॅल्व्हर्नचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे या गाड्या रस्त्यात नेहमी दिसायच्या. शेवटी २०१९ मध्ये नवऱ्याने एक वापरलेली घेतली. दोन वर्षं पट्ट्याने कुरकुर केली नाही. मग मागचा टायर बदलला आणि आठवड्याभरात तुमच्यासारखीच शिट्टी सुरू झाली. ज्या गॅरेजात टायर बदलला तिथेच परत नेली. त्या माणसाने पाच मिनिटांत पट्टा आवळला, एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, झालं काम. आवाज खरंच बंद झाला होता. नवरा खूश. मी घरी येताना गप्प होते, कारण आवळून गप्प केलेला पट्टा मी आधी एकदा पाहिला होता.

आप्पांची विट्याजवळ पिठाची गिरणी होती. १९९३ ची दिवाळी, मी नववीत. भाजणीच्या डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागलेली आणि आप्पा सांगलीला गेलेले. पट्टा चीं चीं करायला लागला. मी वाकून बघितलं तर पट्टा पुलीच्या कडेला सरकून दोन बोटं बाहेर चालला होता. मोटर रेलवर तिरकी झाली होती. स्विच पाडून, मागचा बोल्ट ढिला करून मी हातोडीने मोटरचा पाय सरळ करत होते, तेवढ्यात दादा आला. "तुला काय कळतंय, पट्टा सैल पडलाय," म्हणाला. मला बाजूला करून त्याने मोटर होती तशीच मागे ओढली आणि दोन्ही बोल्ट आवळले, वर पट्ट्यावर राळ मारली. चीं चीं थांबली. संध्याकाळी बेअरिंग इतकं तापलं की ग्रीस वितळून खाली ठिबकायला लागलं, आणि रात्री गिरणी अडकली. ऐन दिवाळीत दोन दिवस बंद. घरात आजतागायत सांगितलं जातं की पोरीने हातोडी मारली म्हणून बेअरिंग गेलं.

तर आमच्या गाडीचंही तेच झालं. तीनेकशे मैलांनी शिट्टीच्या जागी मागून घूं असा जड आवाज यायला लागला. चाक वर उचललं, नवरा हाताने फिरवत होता. मी लाकडी काठीचं एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं, आप्पा लावायचे तशी. आत वाळू दळल्यासारखी खरखर. पट्ट्याच्या एका कडेचे धागे सुटून केसाळ झालेले, स्प्रॉकेटची कड आरशासारखी चकचकीत, आणि खाली काळी भुकटी.

मग दोरी लावली. पुढच्या स्प्रॉकेटवरचं कव्हर काढून मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला दोरी ताणून धरली आणि ती पुढे कुठे जाते ते बघितलं. जवळपास ४ मिलिमीटर बाहेर! टायर बदलताना चाक परत बसवलं तेव्हा एका बाजूचा ॲडजस्टर, म्हणजे ॲक्सल मागेपुढे सरकवणारा स्क्रू, दुसऱ्यापेक्षा जास्त फिरवला गेला होता. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) खुणा जुळवून भागत नाही, त्यांच्यातच फरक असू शकतो. अशा दातेरी पट्ट्याला साधारण पाव अंशापर्यंतचाच तिरकेपणा चालतो, म्हणजे दर मीटरला सुमारे ४ मिलिमीटर. आणि दोन स्प्रॉकेटमधलं अंतर मीटरभर नाहीच. बेअरिंग बदललं, ॲक्सल ओळीत आणला, ताण कमी केला. शिट्टी गेली ती आजवर आलेली नाही. गाडीत दोष काही नव्हता, बसवण्यात होता.

तुम्हीही आधी ओळ बघा, मगच ताण. ताण अंगठ्याने दाबून ठरवू नका. पट्ट्याला मधोमध टिचकी मारा आणि फोनवरच्या वारंवारता मोजणाऱ्या ॲपने सूर मोजा. ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ४० हर्ट्झचे ४४ झाले की ताण २१ टक्क्यांनी वाढलेला असतो. कानाला तेवढा फरक जेमतेम कळेल, बेअरिंगला लगेच कळतो. चाक थोडं थोडं फिरवत पाच-सहा ठिकाणी मोजा. स्प्रॉकेट अगदी गोल नसतात, एखादी जागा घट्ट निघतेच. ताण त्या सर्वांत घट्ट जागेवर ठरवायचा.

गाडी जॅकवर असताना मोजून थांबू नका. मागचं चाक वरखाली होतं तसं दोन स्प्रॉकेटमधलं अंतर बदलतं, आणि पुढच्या स्प्रॉकेटचं केंद्र, स्विंगआर्म ज्यावर हलतो तो पिव्होट आणि ॲक्सल एका रेषेत आले की पट्टा सर्वांत घट्ट होतो. आम्ही दोघं बसलो आणि शेजाऱ्याने मोजलं, तेव्हा आकडा चांगलाच वर गेला. शिवाय गाडी गार असताना मोजा. पट्ट्यातले कार्बनचे धागे तापून जवळजवळ लांबत नाहीत, भोवतीचा धातू मात्र फुगतो. म्हणून गारठ्यात बरोबर वाटलेला पट्टा तासभर चालवल्यावर घट्ट झालेला असतो.

झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवा पट्टा चढवू नका, पैसे पाण्यात जातील. दातावरून नख फिरवा, कड अडकली तर स्प्रॉकेट गेलं समजा. ॲल्युमिनियमचं असेल तर वरचा कडक थर उडून खालचा पांढरा धातू दिसतोय का बघा. तो दिसला की पुढची झीज फार वेगाने होते.

दुसरं कारण आपल्या या रस्त्यांचं. पुढची दोन चाकं गाड्यांनी झाडून काढलेल्या पट्ट्यांतून जातात, आणि मागचं एकटं चाक बरोबर मधल्या कचऱ्यातून, जिथे खडी, तेल आणि गवत साठलेलं असतं. ते सगळं पट्ट्यावर उडतं. अरुंद गल्ल्यांतून आलात की पट्टा साध्या पाण्याने धुवा, मऊ ब्रशने दातांतली खडी काढा आणि वाळू द्या. तेल नको, ग्रीस नको. आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगात इंजिन रडवू नका. दोन लिटरच्या दोन सिलिंडरांचा प्रत्येक ठोका बेव्हल बॉक्समधून (फिरकी काटकोनात वळवणाऱ्या गिअरपेटीतून) थेट पट्ट्याच्या दातावर येतो. खालचा गिअर टाका.

बेअरिंग निघालं त्या रात्री मी दादाला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे पहाटेचे साडेचार, पण गिरणी आता तोच चालवतो, तो उठलेलाच असतो. कॅमेऱ्यासमोर बेअरिंगची कडी धरली. गोळ्या फिरतात त्या खाचेत एकाच बाजूला खड्डे पडले होते, पट्ट्याच्या ओढीचा भार येतो त्या बाजूला. म्हटलं, हे बघ, इथे कोणी हातोडी मारलेली नाही. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "तेव्हाचं बेअरिंग आप्पांनी ठेवलं होतं बहुतेक, माळ्यावर बघतो." अजून बघितलेलं नाही. पण मी त्याला विसरू देणार नाही. आवाज आला की आवळायचं, ही सवय मुळातच चूक आहे, मग ती विट्यातली असो की वुस्टरमधली.

एक मात्र आधीच सांगायला हवं होतं. आवाज पट्ट्याचाच आहे याची खात्री तुम्ही केलीय का? थांबून थांबून चिवचिव होत असेल तर तो तिरक्या पट्ट्याचा. वेगाबरोबर एकसारखा चढत जाणारा सूर असेल तर बहुधा जास्त ताणाचा, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट होत असेल तर पट्टा सैल आहे. सैल पट्टाही वाईटच, दात उडी मारतात. थोडा गुणगुणाट मात्र राहणारच, दातेरी पट्टा पूर्ण मुका होत नाही. ताणाचा नेमका आकडा तुमच्या वर्षाच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या, माझ्या गाडीचा नको. आणि चाक हाताने फिरवताना मागून, टायरला धरून फिरवा. बोटं पट्ट्याच्या जवळ नेऊ नका, पट्टा ती सरळ स्प्रॉकेटमध्ये ओढून नेतो.