भाव सांगताना जीभ अडखळते

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं नोकरी करून यंदा निवृत्त झाले. माझ्या नानकटाईचं आणि केळ्याच्या केकचं सगळे कौतुक करतात, म्हणून दिवाळीपासून घरून ऑर्डरी घ्यायचं ठरवलंय. मुलगा म्हणतो, ग्रॅच्युइटीतून मोठा ओव्हन घे. हे म्हणतात, पेन्शन येतेय, कशाला नसता व्याप? परवा जाऊबाईंनी 2 किलो नानकटाई नेली. पैसे विचारले तर माझ्या तोंडून ‘द्या काहीही’ निघून गेलं. त्यांनी 300 रुपये दिले. तेव्हापासून झोप नाही. करपली तर? कुणाला बाधली तर? लोक म्हणतील, बाईंना या वयात ही काय अवदसा आठवली?
– एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर

ताई,

करपण्याची, बाधण्याची, लोकांची भीती तुम्ही ठळक लिहिलीत आणि ते 300 रुपये मधेच उरकून टाकलेत. मला विचाराल तर झोप त्यांनीच उडवलीय. 2 किलो नानकटाईला अर्ध्या किलोच्या वर तूप जातं. जाऊबाईंच्या पैशात तेसुद्धा निघालं नसेल. बेसन, रवा, मैदा, पिठीसाखर, वेलदोडा, वीज, सगळं तुमच्या पदरचं. शिवाय घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, एका वेळी 12-15 नग बसतात. 2 किलोला पाचेक ट्रे, प्रत्येकी 15-20 मिनिटं. मळणं-वळणं धरलं तर अख्खी दुपार गेली. एवढं करून वर आपणच ओशाळं व्हायचं!

आपल्याकडे खानदेशात दिवाळीच्या तोंडावर बायका तूप-साखर-पिठं घेऊन बेकरीवर जातात आणि बाकड्यावर बसून समोर नानकटाई भाजून घेतात. सामान आपलं असतं, तरी भट्टीवाला किलोमागे मजुरी घेतो आणि आपण ती निमूट देतो. त्यानं कधी ‘द्या काहीही’ म्हटलंय? गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून देणाऱ्या बाया आधी भाव ठरवतात, मग ज्वारी भिजवतात. त्यांना कुणी हसत नाही.

तुमची अडचण मला कळते. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडत होता, आपल्या कामाचे पैसे तोंडानं मागायची वेळ कधी आलीच नाही. त्यात अर्धा गाव तुमचा विद्यार्थी, उरलेला त्यांचे आईबाप. जीभ अडखळणारच. म्हणून ती वापरूच नका. भाव कागदावर लिहा, सामान, वीज, डबा आणि तुमची मजुरी धरून. मजुरी गाळायची नाही. तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवा आणि कुणी विचारलं की पाठवून द्या. निम्मे पैसे आधी घ्या. जाऊबाईंना दिवाळीच्या फराळाबरोबर डबाभर प्रेमानं पाठवा, पण त्यांनी ऑर्डर दिली तर त्यांनाही तोच कागद. पहिल्या चार-सहा ऑर्डरी मात्र नात्याबाहेरच्या घ्या, सराव होतो.

करपण्याचं म्हणाल, तर नानकटाई ओव्हनमधून काढताना मऊच असते, गार होताना खुसखुशीत होते. कच्ची राहिली म्हणून घाबरून पुन्हा आत सरकवली की काम बिघडलं. ओटीजीत मागची बाजू बहुधा लवकर लाल होते, म्हणून अर्ध्या वेळेनं ट्रे फिरवा. एवढी वर्षं कौतुक होतंय म्हणजे हे तुम्हाला ठाऊक असणार, पण ऑर्डरीच्या धास्तीत हात विसरतो. दिवाळीच्या आठवड्यात दिवसाला 4 किलोच्या वर घेऊ नका. नाही म्हटलेली ऑर्डर पुढच्या वर्षी परत येते. रात्री दोनला उरकलेली येत नाही.

बाधण्याची भीती असावी, तीच स्वच्छता ठेवते. केळ्याच्या केकला आपल्याकडे पिकलेल्या केळ्यांची ददात नाही, पण तो ओलसर असतो. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर लवकर बुरशी धरतो. डब्यावर केल्याची आणि संपवण्याची तारीख घाला. चैत्र लागला की क्रीमच्या केकला सरळ नकार द्या. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, त्यात वीज गेली की ते क्रीम घरोघरी पोहोचेपर्यंत उभं राहत नाही. अंडं वापरत असाल तर लपवू नका आणि त्याची भांडी वेगळी ठेवा. गावात जैन, मारवाडी गिऱ्हाईक भरपूर आहे.

मोठा ओव्हन आत्ता नको. मुलाच्या उत्साहाचं कौतुक आहे, पण ग्रॅच्युइटी म्हातारपणाची आहे. तशा ओव्हनला घरगुती मीटर पुरेल का, हे त्यानं कुणाला विचारलंय का? आहे त्या ओटीजीवर दिवाळी आणि संक्रांत काढा, वहीत जमाखर्च लिहा. ती वही यजमानांच्याही हाती द्या. पैसा किती अडकतोय हे दिसलं की त्यांचा ‘व्याप’ निम्मा होईल. वाद घालून नवरे पटत नाहीत, आकड्यांनी कधीकधी पटतात. आणि लोक चार दिवस बोलतील. त्याला माझ्याकडे औषध नाही, तुमच्याकडेही नाही.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. 2006च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी लागते. त्यासाठीच्या फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा, फोटो आणि ओळखपत्र जवळ ठेवायचं. स्वतः जमलं नाही तर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एखादं सेंटर गाठा. 14 अंकी नंबर मिळतो. तो हाती येईपर्यंत लेबलं छापायला टाकू नका.