कुंभारीण नव्हे, खताच्या पिंपातली माशी

प्रश्न : पावसाळा सुरू झाल्यापासून आमच्या गच्चीवरच्या ओल्या कचऱ्याच्या पिंपाभोवती काळ्या, लांबट, कुंभारणीसारख्या माश्या दिसू लागल्या आहेत. पिंपात चपट्या, करड्या अळ्या झाल्या असून त्यांतल्या काही रात्री भिंतीवर चढतात. शेजारच्या काकू फिनेल ओतायला सांगतात. मोबाइलवर काढलेले तीन फोटो सोबत पाठवले आहेत. ही कोणती माशी आहे आणि ती डंख मारते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही ब्लॅक सोल्जर फ्लाय, म्हणजे हर्मेशिया इल्युसेन्स. ती डंख मारत नाही आणि चावतही नाही. फिनेल मात्र कृपया ओतू नका.

ओळख पटली ती मुख्यतः आपल्या दुसऱ्या फोटोमुळे. माशी खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेली असताना आपण तो घरातून काढला आहे, त्यामुळे तिची खालची बाजू आयतीच दिसते. पोटाच्या सुरुवातीला, जिथे कुंभारणीची दोऱ्यासारखी बारीक कंबर असते, तिथे या माशीच्या अंगावर दोन पारदर्शक चौकोन आहेत आणि त्यांतून पलीकडचा उजेड आरपार येतो आहे. या खिडक्यांमुळेच मुळात जाड असलेली कंबर लांबून बारीक भासते आणि आपल्यासारखा बारकाईने पाहणारा माणूसही फसतो. पाठीवर पंख मिटलेले असताना वरून काढलेल्या पहिल्या फोटोत हे चौकोन झाकले गेले आहेत. नुसत्या त्या फोटोवरून मी खात्रीने नाव सांगितले नसते.

त्याच फोटोत पंखांची एकच जोडी दिसते. कुंभारणीला पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीच्या मागच्या जोडीच्या जागी केवळ टाचणीच्या डोक्यासारखे दोन फिकट गोळे उरलेले असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात. पायांचे रंगही पाहण्यासारखे आहेत : पाय काळे, पण पावले पांढरी, जणू मोजे घातले आहेत.

तिसरा फोटो हललेला असला तरी त्यात डोक्यापुढच्या मिशा सुदैवाने स्पष्ट आल्या आहेत. त्या डोक्यापेक्षा लांब असून त्यांचे टोक पानासारखे चपटे आहे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण कुजणाऱ्या कचऱ्यावर याच कुळातली टेक्टिकस नावाची सडपातळ माशीही येते. तिच्या मिशा आखूड असतात आणि त्यांच्या टोकाला बारीक केस असतो. घरमाशीच्या मिशाही आखूडच असतात. यापुढे फोटो काढताना शेजारी एखादे नाणे ठेवावे, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. ही माशी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर लांब असते.

मूळची ती अमेरिका खंडातली आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये तिचे वर्णन केले आणि आज ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत आढळते. पिंपातल्या अळ्या तिच्याच आहेत. त्यांची कातडी चुन्याच्या क्षारामुळे कडक होते, म्हणूनच त्या हाताला खरखरीत लागतात. भाजीची देठे, शिळा भात, फळांच्या साली त्या झपाट्याने फस्त करतात आणि त्यांचा जम बसलेल्या कचऱ्यात घरमाश्यांची वाढ कमी होते. म्हणजे आपले खत करण्याचे काम त्या फुकट करत आहेत, आणि फिनेलने त्यांच्याबरोबर कचरा कुजवणारे जिवाणूही मरतील.

भिंतीवर चढणाऱ्या अळ्या वाढ पुरी होऊन गडद तपकिरी झालेल्या असतात. खाणे थांबवून त्या कोषासाठी कोरडी जागा शोधत निघतात. पिंपाला टेकून वाळक्या पानांनी भरलेले एखादे खोके ठेवल्यास बऱ्याच अळ्या तिथेच थांबतील. पिंपात पाणी साचत असेल तर सुका पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिसळावा आणि रोजचा नवा कचरा त्याखाली झाकावा.