गारदी ही जात नव्हे

प्रश्न आहे : ‘गारदी ही जात होती, की मुसलमान शिपायांना गारदी म्हणत?’

दोन्ही नाही. नारायणरावाच्या खुनावर बोलणारे गारद्यांना सर्रास ‘ते मुसलमान’ म्हणतात, ते ऐकून संताप येतो. 1773च्या त्या कटातला म्होरक्या सुमेरसिंग. हे नाव तरी कानावर पडू द्या! गारदी म्हणजे युरोपियन पद्धतीची कवायत शिकलेला पगारी पायदळ शिपाई.

शब्द आला फ्रेंच ‘गार्द’वरून, त्याला आपला ‘ई’ लागला, तेलावरून तेली होतो तसा. इंग्रजी ‘गार्ड’वरून आला म्हणणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत. इंग्रजी ‘ड’ मराठीत सहसा ‘ड’च राहतो : बोर्ड, डॉक्टर. मग इथेच दंत्य ‘द’ कसा? पोर्तुगीज ‘ग्वार्दा’त ‘द’ आहे, पण त्यातला ‘ग्वा’ गेला कुठे? ‘गर्दी’शी नातं जोडणाऱ्यांनी तर फारसीला उगाच वेठीस धरलं आहे.

माझ्या मते शब्दाला दख्खनेत रुजवलं ते बुसीने. 1750 मध्ये जिंजी घेणारा हा फ्रेंच अधिकारी पुढच्याच वर्षी सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसवतो, त्याच वर्षाअखेर नानासाहेब पेशव्यांशी लढतो, आणि 1753 मध्ये फौजेच्या पगारासाठी उत्तर सरकारांचा (आंध्रच्या किनाऱ्याकडचा) मुलूख मिळवतो. पानिपतावर आपल्या बाजूने लढलेला इब्राहिमखान गारदी त्याच्याच तालमीतला. 1758 मध्ये फ्रेंच सरसेनापती लालीने बुसीला परत बोलावलं आणि दख्खनेतला फ्रेंचांचा जम ढासळला.

आणि मराठी कागदांत बुसीचं नाव काय? मुसाबुसी! हा ‘मुसा’ म्हणजे ‘मस्य’, फ्रेंचांचं ‘श्रीयुत’. मूसा हे नाव इथे आधीपासून ओळखीचं होतं, म्हणून परका उच्चार त्यात अलगद बसला असं मला पक्कं वाटतं. एकट्या बुसीवरून हे म्हणत नाही. निजामाच्या चाकरीतला फ्रेंच सेनानी रेमाँ (मृत्यू 1798) याला हैदराबादेत मुसलमान ‘मूसा रहीम’ म्हणत आणि हिंदू ‘मूसा राम’. तिथलं मुसारामबाग हे नाव त्याच्यावरूनच पडलं.